जमनाबेनचा हौद आणि साती आसरा

पाण्यात पावडर टाकायला काही अक्कल लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पावसाळा संपल्यावर आमच्या अलिबागच्या बाजूचा एखादा पोहण्याचा हौद उघडून बघावा. चार महिने तो नारळीच्या झापांखाली झाकलेला असतो. झापं उचलली की आधी बेडकं बाहेर पडतात, मग वास येतो आणि मग पाणी दिसतं. त्याला पाणी म्हणायचं ते आपलं सवयीने. हिरवंगार, दाट, वर पोफळीची कुजलेली पानं आणि मधेच एखादा फुगलेला उंदीर. हे पाणी माणसाने आनंदाने बुडी मारावी असं करून देणं हा माझा धंदा होता. पहिल्या लढाईवरून परत आलो तेव्हा सुरू केला आणि दुसरी लढाई लागून पावडर मिळेनाशी होईपर्यंत केला.

त्या काळी मुंबईचे शेठ लोक नागाव, आक्षी, किहीमकडे वाड्या विकत घेऊन बंगले बांधू लागले होते. बंगला झाला की मागच्या अंगणात हौद हवाच. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हौद कशाला, असं गावातले लोक विचारायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं. पण शेठ लोकांना समुद्र बघायला आवडायचा, त्यात उतरायला नाही. त्यांच्या या भित्रेपणावर माझी चूल पेटत होती, त्यामुळे मी कधी फार चौकशी केली नाही.

विद्या शिकलो ती बसऱ्याला. मी लढाईवर गेलो होतो असं सांगितलं की लोक बंदुकीच्या गोष्टी विचारतात. मी बंदूक हातातसुद्धा धरली नाही. आमच्या तुकडीचं काम पाण्याचं. नदीचं गढूळ पाणी पलटणीला पाजायचं आणि पलटण आजारी पडू द्यायची नाही. तिथे एका गोऱ्या सार्जंटने मला पेल्यांची पेटी शिकवली. तशीच एक पेटी मी पुढे मुंबईहून मिळवली आणि तिच्यावर जन्म काढला.

पेटीत एक काळा पेला आणि सहा पांढरे पेले. काळ्या पेल्यात ब्लीचिंग पावडर कालवायची. पांढऱ्या पेल्यांत हौदाचं पाणी घ्यायचं. पहिल्या पांढऱ्या पेल्यात काळ्यातला एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यापर्यंत जायचं. मग अर्धा तास गप्प बसायचं. पावडरीतला क्लोरीन तेवढ्या वेळात पाण्यातली घाण मारत असतो आणि मारता मारता स्वतः खर्च होत असतो. मग प्रत्येक पेल्यात खळीपासून केलेल्या औषधाचे थेंब सोडायचे. ज्या पेल्यातला क्लोरीन खर्च होऊन गेला, तो पांढराच राहतो. ज्यात घाण मरूनही थोडा क्लोरीन उरला, त्यात निळा रंग उमटतो. पहिला निळा पेला कितवा, त्यावरून हौदाला पावडर किती लागेल ते कळतं. एकदा तेवढी टाकली की पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाणी घेऊन त्यात औषध टाकायचं. निळं आलं तर पाण्यात पहारेकरी जागा आहे. नाही आलं तर कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

सगळा धंदा त्या निळ्यावर. मी ज्या ज्या बंगल्यावर गेलो तिथे चार दिवसांत सगळी माणसं, अगदी स्वयंपाकी आणि टांगेवालासुद्धा, मला भेटली की "निळं आलं का?" एवढंच विचारायची. माझी तब्येत कशी आहे हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. आक्षीला एक पेन्शनीतले मामलेदार होते. त्यांनी हौसेने लहानसा हौद बांधला आणि मला बोलावून पाणी स्वच्छ करून घेतलं. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांच्या घरची झाडून सगळी मंडळी अंगाला तेल चोपडून, उटणं फासून, पाटावर आंघोळ करायच्या ऐवजी थेट हौदात उतरली. सूर्य उगवला तेव्हा हौदावर तेलाची साय होती आणि खाली उटण्याचा गाळ. मामलेदारांनी मला बोलावून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मास्तर, तुमच्या पावडरीला सणवार चालत नाहीत असं दिसतं." मी पुन्हा हौद उपसला. काय करणार, फराळाचं ताट इतकं सुरेख भरलेलं आलं की रागावणं जमलं नाही.

पण मी आज लिहायला बसलो तो मामलेदारांसाठी नाही. नागावच्या एका हौदासाठी आणि दोन बायकांसाठी बसलो आहे. माझ्या सगळ्या धंद्यात मला ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटला, त्या या दोघी.

पहिली जमनाबेन. मुंबईच्या एका कापडवाल्या शेठची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन भावाकडे आलेली, पांढरं लुगडं, हातात काही नाही, आणि जीभ मात्र दुधारी. भावाच्या घरची सगळी सूत्रं तिच्या हातात होती. ती जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय अंगाचा भार घेईना. वर्ष-दीड वर्ष ती मुंबईच्या घरात तिसऱ्या मजल्यावर खाटेवर होती. मग कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं की पाण्यात माणसाचं वजन हलकं होतं, छातीभर पाण्यात दोरी धरून चालायला लावा, पाय पुन्हा शिकतील. शेठने त्याच हिवाळ्यात नागावच्या वाडीत हौद बांधला, आडवी जाड दोरी बांधली आणि बहिणीला घेऊन आला.

पहिल्या वर्षी मी नव्हतो. हौदात नुसतं विहिरीचं पाणी, औषध काही नाही. तरी बेन रोज पाण्यात चालली आणि होळीपर्यंत जमिनीवर हौदाच्या काठापासून आपल्या खुर्चीपर्यंत कुणाला न धरता येऊ लागली. मग पाणी शिळं होऊन बिघडलं आणि बेनला मुदतीचा ताप आला. ती वाचली, पण तापाने आणि पुढच्या पावसाळ्याने तिला पुन्हा खाटेवर पाडलं. जे कमावलं होतं ते सगळं गेलं. दिवाळीला ती नागावला आली तेव्हा दोन माणसांनी खुर्चीसकट तिला टांग्यातून उतरवलं. ते मी पाहिलं, कारण या खेपेला शेठने मला आधीच बोलावून ठेवलं होतं.

डॉक्टरची अट साफ होती. तुळशीच्या लग्नाच्या आत तो स्वतः लाँचने रेवसला उतरून नागावला येणार. सकाळी बघितलेलं निळं संध्याकाळपर्यंत टिकलं तर बेनने पाण्यात उतरायचं. नाही टिकलं तर हौद बंद आणि बेन परत मुंबईला. दुसरा ताप तिच्याने सोसवणार नाही, असं त्याने शेठला स्पष्ट सांगितलं होतं. आणि मुंबईला परत म्हणजे तिसरा मजला, खाट आणि उरलेला जन्म, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

मी हौद उपसला. भिंती काथ्याने घासल्या, चुन्याने धुतल्या. वाडीच्या मधोमध असलेल्या विहिरीवर गणू माळ्याने रहाटाला बैल जुंपले आणि पाटाने पाणी हौदात आणलं. पेले मांडले, माप काढलं, पावडर कालवून टाकली. संध्याकाळी पेल्यात असं सुंदर निळं आलं की मी तो पेला व्हरांड्यात नेऊन बेनला दाखवला.

ती म्हणाली, "छान रंग आहे, मास्तर. लुगडी रंगवायची का याच्यात?"

सकाळी चहा घेऊन हौदावर गेलो, पाणी घेतलं, औषध टाकलं. पेला पांढरा.

मी पुन्हा पावडर टाकली. संध्याकाळी निळं, सकाळी पांढरं. आमच्या दमट हवेत पावडरीचा डबा एकदा फोडला की ती मरायला लागते. वरून दिसते तशीच, पण जीव गेलेला असतो. म्हणून मी डब्यावर संशय घेतला आणि नवा डबा फोडला. संध्याकाळी निळं, सकाळी पांढरं. मग भिंतींवर संशय घेतला आणि पुन्हा हौद उपसून घासला. मग विहिरीवर संशय घेतला आणि विहिरीच्या पाण्याचे पेले मांडले. विहीर बिचारी निर्मळ निघाली. शेठ रोज न्याहारीच्या आधी येऊन विचारायचे, "केम मास्तर, निळं?" आणि मी नकारार्थी मान हलवली की परत जायचे. 

बेन एकदा म्हणाली, "तुमचं पाणी माझ्यासारखंच आहे, मास्तर. संध्याकाळी उभं राहतं आणि सकाळी बसतं." ती हसली. मला हसू आलं नाही, कारण डॉक्टरची चिठ्ठी आली होती की तो आठवडाअखेर निघतोय.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तसा मी चहाची वाट न बघता हौदावर गेलो. काठावर कावळ्यांची सभा भरलेली होती, आणि त्यांच्या मधे गणूची बायको पारूबाई पाण्याकडे तोंड करून बसली होती. तिने केळीच्या पानाचे सात तुकडे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकावर दहीभाताचा चांगला मोठा मुटका. एकेक तुकडा ती हळूच पाण्यात सोडत होती. पान तिरकं झालं की भात बुडायचा आणि पान तरंगत राहायचं. सातही झाले तेव्हा तिने शेजारचा तांब्या उचलला आणि दूध धारेने पाण्यात ओतलं. मग रिकामी पानं गोळा केली, हात जोडले आणि उठली.

पावडर ताप मारायच्या ऐवजी रोज सकाळी दहीभात खात बसली होती, हे मला त्या क्षणी कळलं. दूध आणि दही हे क्लोरीनचं फार आवडतं खाणं आहे. उरलेला भात गणू पानं काढायच्या जाळीने रोज उपसत असला पाहिजे आणि त्याबद्दल तोंडातून अक्षर काढत नसला पाहिजे.

मी तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती हलली नाही. माझं संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "झालं बोलून, मास्तर? आता माजं ऐका. तुमची पावडर ताप मारंल, ह्ये मना मान्य हाय. पन पाय वढनारीला ती काय करनार?"

"कोण पाय ओढणारी?"

"साती आसरा," ती म्हणाली.

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्याकडे प्रत्येक जुन्या विहिरीपाशी त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्यांचा मान ठेवला तर त्या सांभाळतात, विसरलात तर पाण्यात ओढतात, असं लोक मानतात. हे मला ठाऊक होतं. पण हौद सिमेंटचा, कालपरवा बांधलेला. मी म्हटलं, "अगं, नव्या हौदात आसरा कुठून येतील?"

पारूबाईने रहाटाकडे बोट केलं. "पानी त्या इहिरीचं हाय ना? पानी हितवर आलं, मंग त्या येनार न्हाईत?"



आमचा आवाज ऐकून व्हरांड्यातून बेनने हाक मारली. दोघांनाही समोर उभं केलं आणि पारूबाईला म्हणाली, "आता सगळं सांग. भीती नको."

पारूबाईने सांगितलं ते असं. गेल्या हिवाळ्यात पाण्यात चालताना बेनच्या पोटरीत पेटका आला होता आणि ती गटांगळी खाता खाता वाचली होती. बाहेर आल्यावर बेन सगळ्यांना हसत म्हणाली होती, "कोणीतरी खालून माझा पाय पकडला." बेन विसरून गेली. पारूबाई विसरली नाही. कारण तिची धाकटी बहीण सगुणा त्याच विहिरीवर पाणी भरायला गेली होती आणि परत आली नव्हती.

"तिच्या पायाला पन कुनी धरलं, आसं तिच्यासंगच्या पोरी बोलल्या," पारूबाई म्हणाली. "तवा आमच्या घरानं आसरांचा मान केलेला नव्हता. म्हनून यंदा तुमी यायच्या आधीपासून मी घालतेय. माजी एक नेली. दुसरी न्हाय नेऊ देनार."

  पारूबाई बेनच्या घरची चाकरीची बाई, दिवसाकाठी चार शब्दांपलीकडे दोघींचं बोलणं नसे. आणि ही बाई आपल्या घरातलं दूध-दही रोज पहाटे तिच्या जिवासाठी पाण्यात सोडत होती. खरं सांगतो, माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. 

बेन म्हणाली, "मास्तर, भात विहिरीपाशी दगडावर ठेवला, पाण्यात नाही टाकला, तर तुमची हरकत?"

मी म्हटलं, "दगडावर हवा तेवढा ठेवा."

"पारू, तुझी हरकत?"

पारूबाईने विचार केला. "दगडावर ठेवायला ना न्हाय. पन त्या आता हितं आल्यात. त्यांना परत कोन नेनार?"

"तू ने. कसं न्यायचं ते तुलाच माहीत."

तिला माहीत होतं. त्याच दिवशी तिने हौदातलं पाणी कळशीत भरून घेतलं. कळशीला हिरव्या बांगड्या घातल्या, खणानारळाने ओटी भरली आणि कळशी डोक्यावर घेऊन, मागे वळून न बघता, विहिरीपर्यंत गेली. तिथे सात दगडांवर ते पाणी ओतलं आणि दहीभाताचे सात मुटके ठेवले. शेठसुद्धा लांबून हात जोडून उभे होते. मी नव्हतो उभा असं म्हणत नाही.

परत येऊन पारूबाई म्हणाली, "आल्या माज्यासंगं. पन एखादी मागं ऱ्हायली असंल तर? मना काय समजनार? म्हनून बेनच्या संगं मी पान्यात उतरनार. धरायचं तर आधी मना धरतील."

आता शेठ अडले. घरात सोवळंओवळं कडक. माळीण बाई त्याच हौदात उतरणार म्हटल्यावर ते इकडेतिकडे बघू लागले. घरातल्या बाकीच्या बायका काय म्हणतील, मुंबईला कळलं तर काय होईल, असं काहीसं पुटपुटले. बेनने त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "मास्तर, तुमची पावडर ताप मारते ना? मग विटाळ मारत नाही?"

मी म्हटलं, "मारते. पहिल्या झटक्यात मारते."

"बस," बेन भावाला म्हणाली. "मास्तर शिकलेला माणूस आहे."

माझ्या विद्येचा इतका चांगला उपयोग त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

मी नव्याने माप काढून पावडर टाकली. संध्याकाळी निळं. रात्र गेली. सकाळी पेल्यात औषध सोडताना माझ्या मागे शेठ, स्वयंपाकी, गणू, टांगेवाला असे सगळे उभे होते. निळं आलं. शेठने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. डॉक्टर आला तो लाँचच्या हेलकाव्यांनी हिरवा पडलेला, माझ्या उघडलेल्या हौदासारखा. लिंबूपाणी पिऊन सावरला, मग सकाळी, दुपारी आणि दिवस कलल्यावर तीनदा त्याने स्वतः पेला भरून बघितला. तिन्ही वेळा निळं. "बाईंना उतरवा," एवढंच म्हणाला आणि परतीच्या लाँचच्या काळजीत पडला.

दुसऱ्या दिवशी बेनला खुर्चीतून हौदाच्या पायऱ्यांवर बसवलं. पारूबाई शेजारी आली. काष्टा घट्ट खोचलेला, ओठ पांढरे पडलेले. सगुणा गेल्यापासून ही बाई घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नव्हती, हे मला गणूने नंतर सांगितलं. पहिल्या पायरीवर तिचे पाय असे कापायला लागले की पाण्यावर लहान लहान लाटा उठल्या. तिने डोळे गच्च मिटले. तेव्हा जिला स्वतःला उभं राहता येत नव्हतं त्या बेनने हात पुढे केला आणि म्हणाली, "चल. माझा हात धर."

पारूबाईने हात धरला आणि दोघी उतरल्या. कोण कुणाच्या आधाराने उतरली, हे मला तिथे उभा असूनही सांगता येणार नाही. मी लढाईत माणसांना मेडल मिळताना पाहिलं आहे. एवढं धाडस त्यातल्या फार थोड्यांनी केलं असेल.

सबंध हिवाळाभर दोघी रोज उतरत. आधी पारूबाई बेनच्या पायांपुढे पाण्यात हात फिरवून बघायची, कुणी मागे राहिलेली तर नाही ना म्हणून. बेन धीराने थांबायची, कधी थट्टा केली नाही. मग दोरीला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बेन तिला पडशील, सरळ चाल, म्हणून ओरडायची आणि पारूबाई बेनला म्हणायची, "तुमी आधी तुमचं बगा." पौष येईतो पारूबाई पाण्यात डोळे उघडे ठेवून चालू लागली आणि एका सकाळी मी दोघींना हसताना ऐकलं. कशाला हसत होत्या ते कळलं नाही आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. मी आपला सकाळ-संध्याकाळ पेला भरत होतो. तेवढं एक काम मी चोख केलं, एक दिवससुद्धा त्या दोघी पांढऱ्या पाण्यात उतरल्या नाहीत, याचा मला आजही अभिमान आहे. आता ऐकतो की मुंबईत यंत्रं क्लोरीन सोडतात आणि यंत्रंच मोजतात. सोडोत बापडी. हौदापाशी अर्धा तास गप्प बसून राहणाऱ्या माणसाला जे दिसतं ते यंत्राला दिसेलसं वाटत नाही.

शिमग्याच्या आधीची एक सकाळ. पारूबाईने नेहमीप्रमाणे ताटात सात मुटके मांडले आणि विहिरीकडे निघाली. बेन व्हरांड्यात खुर्चीत होती. ती म्हणाली, "थांब, पारू. आज ताट मला दे."

पारूबाई म्हणाली, "लांब हाय, बेन. पाट हाय मधे."

"मला दिसतोय पाट. दे."

तिने खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून स्वतःला उठवलं आणि ताट दोन्ही हातांत घेतलं. त्यामुळे धरायला हात उरला नाही. शेठ पुढे धावले तसं तिने डोळ्यांनीच त्यांना जागच्या जागी थांबवलं. मग ती निघाली. डावा पाय थोडा ओढत, ताटातला भात सांडू नये म्हणून त्याच्याकडे बघत, हौदाच्या काठाने, पोफळींच्या सावलीतून. पाटापाशी थांबली, श्वास घेतला आणि पलीकडे पाऊल टाकलं. पारूबाई तिच्या मागोमाग हातभर अंतरावर, दोन्ही हात पसरून, पण अंगाला हात न लावता. विहिरीपाशी बेन खाली वाकली, सात दगडांपुढे सात मुटके ठेवले आणि हात जोडले. मग पारूबाईकडे वळून तिने काहीतरी विचारलं. आमच्यापर्यंत एकच शब्द आला, "सगुणा". पारूबाईने होकारार्थी मान हलवली. बेनने ताटाच्या कडेला उरलेला भात गोळा करून आठवा मुटका केला आणि तोही तिथे ठेवला.

इकडे शेठ रडत होते, गणूने बैल थांबवले होते आणि स्वयंपाकी हातात झारा घेऊन अंगणात आला होता. मी हौदाच्या काठावर पेला घेऊन उभा होतो. औषध केव्हा टाकलं ते माझं मलाच कळलं नव्हतं. खाली बघितलं तर निळं आलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते कुणी विचारलं नाही.